दोन क्लिपमधला सांधा: व्हिडिओत ट्रान्झिशन कसं लावायचं

गणपती झाले की गिरगाव-लालबागच्या मंडळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हिडिओ फिरायला लागतात. पाटपूजनापासून विसर्जनापर्यंत सगळं तीन-चार मिनिटांत बसवलेलं असतं. चित्रण बहुतेक वेळा छान असतं, कारण ज्यानं ते केलंय त्याला त्या चाळीचा कोपरा न कोपरा ठाऊक असतो. पण दर दोन क्लिपच्या मध्ये कुठे पान उलटतं, कुठे चित्र गरगर फिरतं, कुठे तारे चमकतात, आणि आरतीत डोळे मिटून उभ्या असलेल्या आजी त्या ताऱ्यांखाली झाकल्या जातात. इतक्या आपुलकीनं टिपलेला क्षण असा वाया जाऊ नये, म्हणून हा लेख.

ज्यांनी नुकतंच एडिटिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलंय, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे. उदाहरण म्हणून चाळीतल्या गणपतीची तीन मिनिटांची छोटी फिल्म घेऊ: चौकात मंडप उभा राहतोय, उपनगरात राहायला गेलेली मंडळी लोकलनं येतायत, आरती, अनंत चतुर्दशीची मिरवणूक, चौपाटी आणि शेवटी रिकामा मंडप. सगळं फुटेज मोबाइलचं. सॉफ्टवेअर दा विंची रिझॉल्व्ह, कारण त्याची फुकट आवृत्ती शिकण्यासाठी पुरेशी आहे आणि ती विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर मिळते. लॅपटॉप जुना असेल तर ते जड जाईल. तेव्हा काय वापरायचं ते पुढे सांगतो.

आधी साधा कट

ट्रान्झिशन म्हणजे एका क्लिपमधून दुसऱ्या क्लिपमध्ये जाण्याची रीत. त्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात उपयोगी रीत म्हणजे साधा कट: एक चित्र संपलं, लगेच दुसरं आलं, मध्ये काही नाही. सिनेमा पाहताना शेकडो कट आपल्या डोळ्यांखालून जातात आणि आपल्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. आरतीचं ताट, मग घंटा वाजवणारा हात, मग टाळ्या वाजवणारी मुलं. एकाच वेळी, एकाच जागी घडणारं हे सगळं साध्या कटनंच जोडायचं. इथे डिझॉल्व्ह टाकलात तर बघणाऱ्याला वाटेल की मध्ये बराच वेळ गेला.

कारण डिझॉल्व्ह तेच सांगतो. पहिलं चित्र विरत जातं, त्यातूनच दुसरं उमटतं आणि मधल्या क्षणी दोन्ही अर्धी-अर्धी दिसतात. वेळ पुढे सरकली, जागा बदलली किंवा कोणी आठवणीत शिरलं, हे दाखवायला तो आहे. मंडपाचे बांबू उभे राहतायत आणि तिथेच सजलेला मखर उमटतो, हा डिझॉल्व्हचा नेमका उपयोग. फेड म्हणजे चित्र काळ्यात विझणं किंवा काळ्यातून उजळणं. एक प्रकरण संपलं, दुसरं सुरू झालं. तीन मिनिटांच्या फिल्मला सुरुवातीला एक आणि शेवटी एक फेड पुरतो. वाइपमध्ये नवं चित्र जुन्याला एका बाजूनं ढकलत किंवा पुसत येतं. त्यात खेळकरपणा आहे, म्हणून लेझीम आणि मुलांच्या स्पर्धा यांना तो शोभतो, विसर्जनाला नाही.

बाकी सॉफ्टवेअरमध्ये घन फिरतात, हृदयं उघडतात, काचा फुटतात. पहिल्या काही फिल्ममध्ये तिकडे फिरकूच नका.

फिल्मच्या रिळांचा काळ होता तेव्हा डिझॉल्व्ह असा बोटावर मिळत नसे. एडिटर वर्क प्रिंटवर, म्हणजे कापाकापीसाठी काढलेल्या फिल्मच्या नकलेवर, मेणाच्या पेन्सिलीनं खूण करायचा: डिझॉल्व्हसाठी लांब फुली, फेडसाठी एका टोकाला मिळत जाणाऱ्या दोन रेघा. त्या खुणा बघून लॅबमध्ये तो भाग वेगळा तयार व्हायचा. त्याला पैसे पडायचे, वेळ लागायचा आणि नक्कल काढताना चित्राचा दर्जाही थोडा उतरायचा. लांबीसुद्धा ठरलेली असे: १६, २४, ३२, ४८ फ्रेम (फिल्मवरचं एकेक स्थिर चित्र म्हणजे फ्रेम). सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबानं २४ फ्रेम म्हणजे एक सेकंद. अशा काळात एडिटर प्रत्येक डिझॉल्व्हला ‘हा इथे कशाला?’ असं विचारूनच खूण करायचा. आता खर्च नाही, पण प्रश्न तोच विचारावा असं मला मनापासून वाटतं.

ट्रान्झिशनची तयारी शूटिंगमध्येच होते

नवशिक्यांची सगळ्यात मोठी अडचण इथे असते, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

एक सेकंदाचा डिझॉल्व्ह म्हणजे त्या एका सेकंदात दोन्ही क्लिप एकाच वेळी पडद्यावर चालू असतात. मग कटनंतरची पहिल्या क्लिपची चित्रं कुठून आली? आणि कटआधीची दुसऱ्या क्लिपची? ती आली तुम्ही ट्रिम करून, म्हणजे टोकं कापून, बाजूला ठेवलेल्या भागातून. टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीनं मांडतात त्या पट्टीवर, तो भाग दिसत नाही, पण मूळ फाइलमध्ये शिल्लक असतो. या शिलकीला हँडल म्हणतात. हँडल नसेल तर डिझॉल्व्ह उभाच राहू शकत नाही.

म्हणून शूटिंग करताना रेकॉर्डचं बटण दाबल्यावर मनात तीन आकडे मोजा, मग हवी ती हालचाल टिपा, आणि ती संपल्यावर पुन्हा तीन मोजून बंद करा. मिरवणुकीच्या गर्दीत हे अवघड जातं, पण मंडप, आरतीची तयारी, रिकामी गल्ली अशा शांत शॉटना तरी चुकवू नका. डिझॉल्व्ह बहुतेक तिथेच लागणार असतो.

हिशेब सोपा आहे. टाइमलाइन सेकंदाला ३० फ्रेमची असेल तर एक सेकंदाच्या ट्रान्झिशनला ३० फ्रेम लागतात. ते कटच्या बरोबर मधोमध बसवलं तर पहिल्या क्लिपच्या शेवटी १५ आणि दुसरीच्या सुरुवातीला १५ फ्रेम शिल्लक हव्यात. दोन सेकंदांचा डिझॉल्व्ह हवा असेल तर दोन्हीकडे ३०.

प्रोजेक्ट उघडताना

रिझॉल्व्हमध्ये नवा प्रोजेक्ट करून क्लिप मीडिया पूलमध्ये (क्लिप ठेवायच्या कप्प्यात) ओढा. पहिल्या क्लिपचा फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) प्रोजेक्टशी जुळत नसेल तर तो बदलायचा का, असं सॉफ्टवेअर विचारतं. बहुतेक फोन ३०वर चित्रण करतात. तुमच्या बहुतेक क्लिप तशा असतील तर ‘बदला’ म्हणा. हे इथेच नीट ठरवा, कारण एकदा फुटेज आत आलं की प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही.

फोनची आणखी एक खोड आहे. प्रकाश कमी-जास्त झाला की बरेच फोन रेकॉर्डिंगमध्ये फ्रेम रेट थोडा खाली-वर करतात. त्यानं लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे पडू शकतात. तसं झालं तर हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून ती क्लिप आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या. आणि मंडपातल्या दिव्यांचे पट्टे चित्रात लहरत असतील तर त्याचं कारण आपली ५० हर्ट्झची वीज. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की ते जातात. डिझॉल्व्हमध्ये असे पट्टे दुप्पट खुपतात, म्हणून हे मुळातच टाळलेलं बरं.

पहिला डिझॉल्व्ह, पायरी पायरीनं

१. खालच्या पट्टीतून एडिट पेज उघडा. दोन क्लिप एकाच ट्रॅकवर, एकमेकींना चिकटवून ठेवा. समजा, पहिली बांबू बांधतानाची, दुसरी सजलेल्या मखराची. मध्ये मोकळी जागा राहिली तर ट्रान्झिशन दोघींना जोडणार नाही.

२. आधी ट्रिमिंग पूर्ण करा. ए दाबून निवडीचा बाण घ्या आणि क्लिपची कड आत ओढा. इथेच हँडल तयार होतं, म्हणून दोन्ही क्लिपची टोकं थोडी तरी आत आलेली हवीत. मग ट्रान्झिशनशिवाय, नुसत्या कटनं दोन-तीनदा पाहा. कट मुळात चुकीच्या जागी असेल तर डिझॉल्व्ह त्याला सावरत नाही, नुसता पुसट करतो.

३. कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून टाइमलाइन मोठी करा आणि जिथे दोन क्लिप मिळतात त्या रेघेवर क्लिक करा. दोन्ही कडा हिरव्या झाल्या तर दोन्हीकडे शिल्लक आहे. एखादी कड लाल दिसली तर त्या बाजूचं फुटेज संपलंय.

४. कंट्रोल + टी दाबा. मॅकवर कमांड + टी. एक सेकंदाचा क्रॉस डिझॉल्व्ह बसतो आणि आवाजालाही क्रॉसफेड लागतो, म्हणजे एक आवाज उतरत जातो आणि दुसरा चढत येतो. फक्त चित्राला हवा असेल तर आल्ट + टी, फक्त आवाजाला हवा असेल तर शिफ्ट + टी. नको वाटला तर ट्रान्झिशनच्या पट्टीवर क्लिक करून डिलीट. क्लिपला काही होत नाही.

५. दुसरा प्रकार हवा असेल तर वर डावीकडे इफेक्ट्स उघडा, टूलबॉक्समध्ये व्हिडिओ ट्रान्झिशन्स आहेत. हवं ते ओढून सांध्यावर सोडा. कुठलं वारंवार लागणार असेल तर त्यावर राइट क्लिक करून ते स्टँडर्ड म्हणून ठरवा, मग कंट्रोल + टी तेच लावेल.

६. लांबी बदलायला पट्टीची कड ओढा, किंवा पट्टी निवडून उजवीकडच्या इन्स्पेक्टरमध्ये ड्युरेशन बदला. अलाइनमेंट (ट्रान्झिशन कटच्या आधी, मधोमध की नंतर बसवायचं ते) आणि ईज हेही तिथेच आहेत. ईज ‘इन अँड आउट’ केलं की बदल हळू सुरू होऊन हळू थांबतो. लांब डिझॉल्व्हला ते छान दिसतं, छोट्याला फरक पडत नाही.

सुरुवातीचा आणि शेवटचा फेड याहून सोपा. क्लिपवर माउस नेला की वरच्या दोन्ही कोपऱ्यांत छोटे पांढरे दांडे दिसतात. ते आत ओढायचे, झाला फेड. आवाजाच्या पट्टीलाही तसेच दांडे आहेत.

‘जादा फ्रेम नाहीत’ असं आलं तर

कधी ना कधी ती खिडकी उघडणारच: काही क्लिपना ट्रान्झिशनसाठी जादा फ्रेम नाहीत, ट्रिम करायच्या की वगळायच्या? घाईत ट्रिम दाबलं जातं. तसं केलं की रिझॉल्व्ह क्लिप स्वतःच कापून हँडल तयार करतं, आणि ट्रॅकवरचं पुढचं सगळं थोडं डावीकडे, म्हणजे आधी सरकतं. खाली गाणं लावून ठेवलेलं असेल तर सगळे ठोके चुकतात. म्हणून वगळा म्हणा आणि स्वतः पाहा.

बहुतेक वेळा एकाच बाजूची शिल्लक संपलेली असते. तेव्हा अलाइनमेंट बदला. ट्रान्झिशन कटवर सुरू होणारं ठेवलं तर पूर्ण हँडल पहिल्या क्लिपचं लागतं, दुसरीचं काहीच नाही. कटवर संपणारं ठेवलं तर उलट, पूर्ण हँडल दुसरीचं. मखराचा शॉट पहिल्याच फ्रेमपासून वापरलाय पण बांबूच्या शॉटचं शेवटी भरपूर शिल्लक आहे? मग कटवर सुरू होणारं. एवढ्यानं निम्म्या अडचणी सुटतात. दोन्हीकडे काहीच नसेल तर साधा कट ठेवा किंवा कड थोडी आत घ्या. शेवटची फ्रेम गोठवून लांबवण्याचा उपायही आहे, पण धूर, पाणी, माणसं गोठली की ते लगेच कळतं.

किती लांब?

याला नियम नाही, पण सुरुवातीला आधार म्हणून काही मापं देतो. ८ ते १२ फ्रेमचा डिझॉल्व्ह डोळ्याला जवळजवळ कटसारखाच वाटतो, फक्त कड मऊ होते. एक सेकंद हा सर्वसाधारण. दीड ते दोन सेकंद तेव्हाच, जेव्हा मधली मिसळण स्वतः बघण्यासारखी असते, म्हणजे समईच्या ज्योतीतून चौपाटीवरचे दिवे उमटतात तशी. त्याहून लांब असेल तर बघणारा दोन्ही चित्रं एकत्र वाचायला लागतो, मग ती रचना तशी विचारानं केलेली हवी.

अर्ध्यावर थांबवून ती फ्रेम नक्की बघा. एका चेहऱ्यावर दुसरा चेहरा आला की भूत दिसतं. पहिल्या चित्रातला चेहरा डावीकडे आणि दुसऱ्यातला उजवीकडे असेल, किंवा पहिल्यात तिथे मोकळं आकाश असेल, तर मिसळण सुंदर होते. दोन्ही शॉटमध्ये कॅमेरा उलट दिशांना फिरत असेल तर नुसता चिखल दिसतो. आणि एक शॉट हॅलोजनच्या पिवळ्या उजेडातला, दुसरा पावसाळी ढगाळ दुपारचा असेल, तर डिझॉल्व्हच्या मध्यावर रंग मळकट होतो. कलर पेजवर आधी दोघांचा व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसेल असा रंगांचा तोल) जवळ आणा.

आवाजाचा सांधा

मला विचाराल तर ट्रान्झिशनमधला खरा आनंद आवाजात आहे, आणि नवखी मंडळी नेमकं तेच सॉफ्टवेअरवर सोडून देतात.

ढोल-ताशापासून सुरू करू. पथकाच्या दोन क्लिपमध्ये क्रॉसफेड लावला तर अर्धा सेकंद दोन वेगळे ताल एकमेकांवर आदळतात आणि ठेका मोडतो. तिथे चित्रालाही, आवाजालाही साधा कट, आणि तोही ठोक्यावर. आवाजाच्या लहरीत टिपऱ्या पडतात तिथे उंच सुळके दिसतात. पहिल्या क्लिपचा शेवट एका सुळक्याच्या जरा आधी आणि दुसरीची सुरुवात बरोबर सुळक्यावर आणा. याहून चांगला मार्ग म्हणजे एकाच लांब क्लिपचा ताल खाली सलग चालू ठेवायचा आणि वर फक्त चित्रं बदलायची. फक्त ढोलावर पडणारे हात जवळून दिसत असतील ते शॉट तेव्हा टाळा, नाहीतर हात एकीकडे आणि ठोका दुसरीकडे असं दिसतं.

बोलण्यावरही क्रॉसफेड नको. काका १९८०च्या सुमाराच्या चाळीबद्दल सांगतायत आणि त्यांच्या शेवटच्या शब्दावर दुसऱ्याचा पहिला शब्द चढला, तर दोन्ही वाया. बोलणाऱ्या क्लिपच्या सांध्याला दोन-तीन फ्रेमचा क्रॉसफेड पुरे. तो फक्त ‘टक्’ असा आवाज येऊ नये म्हणून.

क्रॉसफेड खुलतो तो परिसराच्या आवाजांत: चौकातली कुजबुज, पाऊस, समुद्र, गर्दीची गाज. रिझॉल्व्हच्या ऑडिओ ट्रान्झिशनमध्ये अधिक ३, वजा ३ आणि शून्य डेसिबल असे तीन क्रॉसफेड दिसतील. दोन अगदी वेगळे आवाज सरळ रेषेत उतरवले-चढवले तर मध्यावर आवाज किंचित खचल्यासारखा वाटतो. अधिक ३ तो खड्डा भरून काढतो. म्हणून पावसातून समुद्राकडे जाताना अधिक ३ वापरून पाहा.

आता सगळ्यात उपयोगी युक्ती. चित्र बदलण्याआधी पुढचा आवाज ऐकू येऊ द्या. पडद्यावर चौकात अजून रोषणाईच्या माळा लावणं चालू आहे आणि कानावर येतं, ‘पुढील स्थानक, चर्नी रोड’. दीड सेकंदानं चित्र बदलतं: लोकलच्या खिडकीशी बसलेली आत्या, मांडीवर मोदकांचा डबा. कुठलंही ट्रान्झिशन न लावता बघणारा चौकातून गाडीत जातो, कारण कान आधी पोचलेले असतात. याला जे कट म्हणतात. उलट केलं, म्हणजे चित्र बदललं तरी जुना आवाज थोडा रेंगाळला, तर तो एल कट. विसर्जनानंतर रिकाम्या मंडपाचं चित्र आलंय आणि चौपाटीच्या लाटा अजून ऐकू येतायत, असा.

करायचं असं: आल्ट दाबून ठेवून फक्त आवाजाच्या सांध्यावर क्लिक करा. त्यानं चित्र आणि आवाज यांची जोडी तेवढ्यापुरती सुटते. मग तो सांधा डावीकडे ओढा, आवाज आधी सुरू होईल. उजवीकडे ओढा, रेंगाळेल. इथेही शिल्लक लागतेच. गाडीच्या क्लिपमध्ये आत्या दिसण्याआधीची घोषणा रेकॉर्ड झालेली असली तरच ती आधी वाजवता येईल.

मुंबईनं दिलेली ट्रान्झिशन

सॉफ्टवेअरमध्ये शोधण्याआधी रस्त्यावर शोधा. या शहरात दर मिनिटाला काहीतरी कॅमेऱ्यासमोरून आडवं जातं, आणि आडवं जाणारी प्रत्येक गोष्ट हा वाइप असतो.

समजा फलाटावर माणसं उभी आहेत, उजवीकडून डावीकडे लोकल येते आणि फ्रेम भरून टाकते. पुढच्या शॉटमध्ये बेस्टची लाल बस त्याच दिशेनं फ्रेममधून बाहेर पडते आणि मागे गिरगावातला मंडप दिसतो. लोकलनं फ्रेम पूर्ण झाकली त्या फ्रेमवर पहिली क्लिप कापा, बसनं फ्रेम पूर्ण झाकलेली असताना दुसरी सुरू करा, आणि मध्ये साधा कट ठेवा. दिशा आणि वेग जुळले की डोळा फसतो. साध्या लोकलच्या डब्यांना मोठी दारं आणि खिडक्या असतात, त्यातून पलीकडचं दिसतं. म्हणून मधल्या डब्यापेक्षा मोटरमनच्या केबिनलगतचा सलग पत्रा फ्रेम भरतो तो क्षण घ्या. फलाटाच्या कडेला जाऊ नका. पिवळ्या पट्ट्याच्या बऱ्याच मागे, खांबाला टेकून दुप्पट झूम करा; लांबून झूम केलं की गाडी फ्रेम अधिक भरते. रुळांवर उतरणं तर जिवावरचं आहे आणि रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४७ खाली गुन्हाही आहे. कुठल्याही शॉटसाठी ते करू नका.

गुलाल याहून सुंदर. उधळलेला गुलाल सेकंदभर अख्खी फ्रेम लालगुलाबी करतो. आगमनाच्या गुलालात पहिली क्लिप सोडायची आणि विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या गुलालात दुसरी उचलायची. मध्ये ६ ते १० फ्रेमचा डिझॉल्व्ह, कारण दोन्ही लाल थोडे वेगळे असतात. दहा दिवस एका उधळणीत गेले. फोन मात्र पारदर्शक पिशवीत ठेवा आणि भिंग कोरड्या मऊ कापडानं हलकेच टिपा. घासलं तर कण ओरखडे पाडतात.

पावसात उघडणारी छत्री, हारवाल्याची डोक्यावरून जाणारी टोपली, खाली ओढलेलं दुकानाचं शटर, हे सगळे पडदेच आहेत. कोस्टल रोडच्या जुळ्या बोगद्यातून गाडी गिरगाव चौपाटीकडे बाहेर येते तेव्हा फोनचा कॅमेरा क्षणभर पांढरा होतो आणि मग हळूहळू समुद्र दिसतो. मागच्या सीटवरून घेतलेला तो शॉट म्हणजे तयार फेड. एक्सपोजर मात्र लॉक करू नका, नाहीतर तो पांढरेपणा नीट ओसरणार नाही.

दोन गोष्टी जपून

मुलाखतीतली ‘अं… म्हणजे…’ कापून टाकली की डोकं एकदम हलल्यासारखं दिसतं. तिथे स्मूथ कट नावाचं ट्रान्झिशन आहे. ते दोन चित्रांमधली फ्रेम स्वतः घडवून उडी लपवतं. माणूस स्थिर बसला असेल आणि लांबी दोन ते सहा फ्रेम असेल तरच ते चालतं, हात हलले की चेहरा वितळल्यासारखा होतो. त्यापेक्षा त्या जागी दुर्वांची जुडी बांधणाऱ्या हातांचा शॉट वर टाका आणि खाली बोलणं चालू ठेवा.

दुसरी गोष्ट तब्येतीची. गाण्याच्या ठोक्यावर पांढरे झोत मारणारी ट्रान्झिशन सध्या सर्रास दिसतात. काहींना अशा लखलखाटानं फिट येऊ शकते. म्हणूनच संकेतस्थळांच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांत एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झोत नसावेत असं सांगितलंय. मंडळाचा व्हिडिओ लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे बघतात, तेव्हा हे पाळाच.

दुसरं सॉफ्टवेअर असेल तर

जुन्या लॅपटॉपवर शॉटकट हलकं चालतं आणि मोफत आहे. तिथे एक क्लिप ओढून दुसरीवर थोडी चढवली की तेवढ्या भागात डिझॉल्व्ह तयार होतो. प्रॉपर्टीजमध्ये प्रकार बदलता येतो. चढवल्यामुळे एकूण लांबी कमी होते हे लक्षात ठेवा आणि गाणं शेवटी जुळवा. ओपनशॉटही असंच वागतं. केडेनलाइव्हमध्ये सांधा निवडून यू दाबायचं. प्रीमियर प्रोमध्ये चित्रासाठी कंट्रोल + डी, आवाजासाठी कंट्रोल + शिफ्ट + डी. फायनल कटमध्ये कमांड + टी. मोबाइलच्या अॅपमध्ये साधारणपणे दोन क्लिपच्या मध्ये छोटं चिन्ह असतं, त्यावर बोट ठेवलं की यादी उघडते. ‘सगळ्यांना लावा’ हे बटण तिथे ठळक असतं, ते दाबू नका. हँडलचा नियम सगळीकडे सारखाच.

बाहेर काढण्याआधी

ट्रान्झिशनवर प्लेबॅक अडखळला तर लगेच व्हिडिओ बिघडलाय असं समजू नका. बहुतेक वेळा लॅपटॉपला दोन चित्रं एकदम चालवताना धाप लागलेली असते. प्लेबॅक मेनूत रेंडर कॅश ‘स्मार्ट’ करा आणि थोडं थांबा. टाइमलाइनवरची लाल रेघ निळी झाली की तो भाग सुरळीत चालेल. तिथेच प्लेबॅक रिझोल्यूशन निम्मं करता येतं. अंतिम फाइलवर त्याचा परिणाम होत नाही.

मग एकदा आवाज बंद करून पूर्ण पाहा, फक्त सांधे तपासा. एकदा डोळे मिटून नुसतं ऐका. ज्या ट्रान्झिशनचं कारण एका वाक्यात सांगता येत नाही ते काढा. तीन मिनिटांच्या फिल्ममध्ये चार-पाच उरली तरी भरपूर आहेत.

डिलिव्हर पेजवर एमपी४, एच २६४, आणि फ्रेम रेट टाइमलाइनचाच ठेवून फाइल काढा. लागोपाठच्या फ्रेम एकमेकींसारख्या असतात, यावर व्हिडिओची फाइल लहान होणं अवलंबून असतं. डिझॉल्व्हमध्ये, गुलालात आणि पावसात दर फ्रेमला सगळंच बदलतं, म्हणून तिथेच आधी चौकोन दिसायला लागतात. व्हॉट्सअॅप व्हिडिओ पाठवताना आणखी दाबतं. तेव्हा ग्रुपवर टाकताना व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे मूळ फाइल तशीच पोचेल. आणि ज्यांच्या फोनमध्ये जागा नाही त्यांच्यासाठी यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असलेल्यांनाच दिसेल असा) ठेवून लिंक द्या.